मोटारविक्रेत्यांची बोली

प्रत्येक धंद्याची स्वतःची एक बोली असते, आणि तिच्यावरून त्या धंद्याचा स्वभाव ओळखतां येतो. अमेरिकेंतील मोटारविक्रेत्यांच्या बोलींत गिऱ्हाइकासच निरनिराळीं नांवें दिलेलीं आढळतात. दुकानांत नुकतेंच पाऊल टाकणारें गिऱ्हाईक म्हणजे 'अप्'. 'पुन्हां येतों' असें सांगून निघून जाणारें म्हणजे 'बी-बॅक'. घासाघीस न करतां सांगितलेली किंमत मान्य करणारें म्हणजे 'ले-डाउन'. आरंभीं मोहक वाटेल अशी कमी किंमत सांगावयाची आणि गिऱ्हाइकाचें मन गुंतलें कीं कांहीं निमित्त काढून ती वाढवावयाची, या युक्तीस 'लो-बॉल' म्हणतात. एकदां दिलेला होकार अटी कडक झाल्यावरहि मागें घेणें मनुष्यास जड जातें, हें १९७८ सालीं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनीं प्रयोगांनीं दाखविलें. विक्रेत्यांस तें अनुभवानें आधींच ठाऊक होतें.

ही बोली फोफावण्याचें मुख्य कारण म्हणजे किंमतीची गुप्तता. १९५८ पूर्वीं नव्या गाडीवर किंमत लावण्याचें कायद्याचें बंधन नव्हतें. त्यामुळें जुन्या गाडीच्या बदल्यांत दिलेली भरघोस सूट नव्या गाडीच्या फुगविलेल्या किंमतींतून सहज वसूल करतां येई. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकारानें त्या वर्षीं कायदा झाला, आणि कारखानदारानें सुचविलेली किंमत प्रत्येक नव्या गाडीच्या कांचेवर चिकटविणें भाग पडलें. त्या चिठ्ठीस विक्रेते 'मन्रोनी' म्हणूं लागले. ज्या गृहस्थानें त्यांचें गुपित उघडें केलें, त्याचेंच नांव त्यांच्या बोलींत कायमचें येऊन बसलें!

परंतु ही चिठ्ठी नव्या गाडीपुरतीच होती. सदोष गाडीस तिकडे 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. हाच शब्द घेऊन जॉर्ज अकरलॉफ यांनीं १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तीन नियतकालिकांनीं तो नाकारला होता. जुन्या गाडीचा दोष विक्रेत्यास ठाऊक असतो, गिऱ्हाइकास नसतो. म्हणून गिऱ्हाईक सर्वच गाड्यांस बेताची किंमत देऊं करतें, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारांतून निघून जातो, असें त्यांनीं दाखवून दिलें. २००१ सालीं त्यांस इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तत्पूर्वीं १९८२ सालीं कनेक्टिकट राज्यानें सदोष नव्या गाडीच्या खरेदीदारास संरक्षण देणारा कायदा केला. त्याचेंहि लौकिक नांव 'लेमन लॉ' असेंच पडलें.

गिऱ्हाईक फसलें म्हणजे नुकसान केवळ त्याचेंच होतें, असा समज आहे. तो खरा नव्हे. संशय बाजारांत एकदां शिरला म्हणजे त्याचा भुर्दंड प्रामाणिक विक्रेत्यासहि भरावा लागतो.