विश्रांतीचे राज्य आणि हालचालीचे भय

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. कंबरेत एकदा उसण भरली, की पुढे कित्येक महिने आपण वाकताना बिचकतो. मोडलेला हात सांधून आला, तरी त्याने पाण्याची बादली उचलण्याचा धीर होत नाही. दुखापत बरी होते, पण तिचे भय मागे उरते. हा केवळ त्या माणसाचा भित्रेपणा, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास चाळला म्हणजे आम्हांस निराळे दिसते. हे भय वाढविण्यात वैद्यकशास्त्राचाही वाटा होता, आणि त्यावरचा उपायही त्याच शास्त्राला, पुष्कळ उशिरा, सापडला.

लंडनच्या गायज हॉस्पिटलातील शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती व वेदना या विषयावर व्याख्याने दिली. १८६३ साली त्यांचे पुस्तक झाले. वेदना ही निसर्गाची सूचना आणि विश्रांती हा त्याचा उपाय, हे त्यांचे सूत्र. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी दीर्घ, अखंड विश्रांतीचा तितकाच आग्रह धरला. या दोघांना आज हसणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढचे रोगी पू झालेल्या, क्षयाने पोखरलेल्या सांध्यांचे होते, आणि प्रतिजैविक औषधांचा शोध लागायला अद्याप कित्येक दशके होती. सांधा स्थिर ठेवण्याहून अधिक काय करता आले असते?

घोटाळा झाला तो पुढे. सडलेल्या सांध्याचा नियम साध्या पाठदुखीलाही लागू झाला. ‘फळीवर निजा, वाकू नका, ओझे उचलू नका,’ हा सल्ला विसाव्या शतकात घरोघर पोहोचला. आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढलेल्या माणसाच्या मनावर त्यातून एकच गोष्ट बिंबे: आपली पाठ काचेची आहे.

या राज्याला पहिले धक्के दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बसले. शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना लवकर उठवू लागले, आणि १८४७ नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनी, १९४७ साली, रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी अंथरुणाला खिळण्याचे धोके एका गाजलेल्या लेखात मांडले: रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण, झिजलेले स्नायू, आखडलेले सांधे आणि खचलेले मन. पुढे प्रयोगही झाले. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन, तर काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले. बाकी प्रकृतीत फरक नव्हता. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरांवर असाच प्रयोग झाला. विश्रांती घेणारे व व्यायाम करणारे यांच्याहून, झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सुधारले.

मग माणसे हालत का नव्हती? १९८३ साली लेथम व सहकाऱ्यांनी भय आणि टाळाटाळ यांचे नाते मांडले. १९९० साली या भयाला ‘कायनेसिओफोबिया’ असे नावही मिळाले. त्याचा फेरा असा: दुखते म्हणून भीती, भीतीमुळे हालचाल बंद, तिच्यामुळे स्नायू दुबळे, म्हणून थोड्या श्रमानेही दुखणे, आणि पुन्हा भीती. नेदरलँड्समधील योहान व्लायेन यांनी हा फेरा तोडण्याची रीत बसविली. रोग्याने रोजच्या कामांची चित्रे भीतीच्या क्रमाने लावायची आणि सर्वांत कमी भीतीच्या कामापासून, जाणत्याच्या देखरेखीखाली, ती एकेक करून पाहायची. पाठ मोडत नाही, हे उपदेशाने पटत नाही. वाकून पाहिल्यावर पटते.

समाजाची समजूतही बदलता येते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १९९७ पासून दूरचित्रवाणीवरून ‘पडून राहू नका’ असा प्रचार झाला. लोकांच्या व डॉक्टरांच्या समजुती बदलल्या, पाठदुखीपायी होणारे भरपाईचे दावेही घटले.

याचा अर्थ प्रत्येक वेदना अंगावर काढावी असा नव्हे. ताजा अस्थिभंग, ताप, वजनातील घट, पायातील शक्ती जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, ही लक्षणे असता डॉक्टरांकडेच धावले पाहिजे. वेदना खोटी असते, असेही कोणी समजू नये. परंतु धोका नाही अशी तपासणीने खात्री झाल्यावरही घरातील दुखणेकऱ्याला आपण ‘जप, उठू नकोस’ एवढेच सांगत राहिलो, तर मायेपोटी त्याचे भयच पोसतो. ‘ऊठ, मी बरोबर आहे, दारापर्यंत चालू,’ हे शब्द त्याला अधिक उपकारक आहेत.