स्मरणाधारित आणणी (श्वानप्रशिक्षण)

स्मरणाधारित आणणी ही बंदुकीच्या शिकारीत साथ देणाऱ्या कुत्र्यांना शिकवण्याची एक पद्धत आहे. इंग्रजी प्रशिक्षक तिला 'मेमरी रिट्रीव्ह' म्हणतात. वस्तू पडताना किंवा ठेवली जाताना कुत्रा ती पाहतो. मात्र त्याला लगेच सोडले जात नाही. काही वेळाने, बहुधा दुसऱ्या ठिकाणी नेल्यावर, त्याला पाठवतात व ती जागा आठवून त्याने वस्तू आणावी अशी अपेक्षा असते. डोळ्यांदेखत पडलेली वस्तू तत्काळ आणणे आणि मुळीच न पाहिलेली वस्तू मालकाच्या इशाऱ्यांवर शोधणे, या दोहोंमधील ही पायरी होय.

उगम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये मागून भरण्याच्या बंदुका प्रचारात आल्या आणि हाका घालून पक्षी उडवण्याची शिकार रूढ झाली. एका हाक्यात अनेक पक्षी पडत व तो संपेपर्यंत कुत्र्याला मालकाशेजारी निश्चल बसावे लागे. न सापडलेला जखमी पक्षी झुडपात तडफडत मरे. त्यामुळे कोणता पक्षी कोठे पडला हे ध्यानात ठेवणाऱ्या कुत्र्याला मोल आले. स्कॉटलंडमधील गिसाखन येथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे १८६८ साली झालेल्या पिलांपासून गोल्डन रिट्रीव्हर जातीचा आरंभ मानतात. लॅब्रेडॉरला ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्रातील कारवानी व पश्मी ही कुत्री दृष्टीच्या बळावर धावून सावज धरणारी आहेत. आणून देणे हे त्यांचे परंपरागत काम नव्हे.

पद्धत

कुत्र्याच्या देखत एखाद्या झाडाच्या बुंध्याशी कापडी डमी ठेवतात, त्याला पायाशी चालवत वीसेक पावले दूर नेतात, वळवून बसवतात आणि आलेल्या वाटेनेच परत पाठवतात. हे निर्वेध जमू लागल्यावर अंतर वाढवतात, त्यानंतर वेळ. पुढे दोन डमी वापरतात. शेवटी पडलेली आधी आणू दिली, की पहिलीची आठवण आपोआप कसाला लागते.

खरी अडचण दिशेची असते. कॅनडातील सिल्व्हें फिसे व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले, की लपवलेल्या वस्तूची जागा कुत्रा मुख्यतः स्वतःच्या शरीरापासूनच्या दिशेने लक्षात ठेवतो. आजूबाजूच्या खुणांना दुय्यम स्थान असते. म्हणूनच नवशिक्या कुत्र्याला त्याच रेषेवरून परत पाठवणे श्रेयस्कर. बाजूला नेऊन कोन बदलला, तर एरवी हुशार ठरलेला कुत्राही चुकतो. त्याच संशोधकांच्या २००३ मधील अभ्यासात चार मिनिटांनंतरही कुत्र्यांची निवड केवळ योगायोगापेक्षा सरस होती, जरी काळ वाढेल तशी अचूकता घटत गेली.

वाऱ्याचा विचारही आवश्यक आहे. वारा डमीकडून कुत्र्याकडे वाहत असेल, तर तो आठवणीने गेला की वासाने, हे कळत नाही. डमी नसलेल्या जागी कुत्र्याला पाठवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक समजली जाते. एकदोनदा रिकामे परतलेला कुत्रा स्वतःच्या आठवणीवर विसंबणे सोडतो आणि दर काही पावलांवर थांबून मालकाकडे पाहू लागतो. तो अडला, तर ओरडण्याऐवजी त्याला परत बोलावून अंतर निम्मे करावे.

महाराष्ट्रातील संदर्भ

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा असल्याने येथे हे शिक्षण केवळ डमीवर देता येते. भंडारा जिल्हा तलावांचा आहे. त्यांतील अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले. तुमसर तालुक्यातील आंबागड किल्ल्याच्या परिसरासारख्या वनालगतच्या भागात मात्र कुत्रा मोकळा सोडणे उचित नाही. त्याने वन्यप्राण्यांना उपद्रव होतो आणि कुत्रा स्वतः बिबट्याचे भक्ष्य ठरू शकतो. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरलेले तलावही टाळावेत. धानाची कापणी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या बांध्या अधिक सोयीच्या: धुऱ्यांच्या सरळ रेषा कुत्र्याला दिशा धरण्यास मदत करतात आणि धुरा ओलांडून जाण्याचा सरावही होतो. विदर्भातील उन्हाळ्यात सराव पहाटेच उरकावा लागतो, कारण दाट केसांच्या रिट्रीव्हर जातींना उष्माघात लवकर होतो.