समुद्र नसलेलं मुरुड आणि एक गहाळ लॉग

'मुरुडचा का तू? मग काय, मजा आहे, समुद्र, जंजिरा!' पुण्यात नव्या टीममध्ये गेलो की हे एकदा तरी होतंच. मग सांगावं लागतं, की बाबांनो, आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. पाण्याचं म्हणाल तर 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. समुद्र कुठला :)

तर मंडळी, गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. बाहेरून एम.ए. मराठीला नाव घातलं. बारावीला आम्ही 'लातूर पॅटर्न'वाले. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हेच तीन देव. मराठी म्हणजे पास होण्यापुरती, आणि त्या तासाला झोप काढायची. ते पाप आता दर शनिवारी फेडतोय.

सुरुवात नाटकांनी झाली. देवलांचं 'संगीत शारदा', 1899 सालचं. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघालेला बाप. बालविवाहाविरुद्धचा 'सारडा कायदा' या नाटकावरूनच आला, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात 1929 च्या त्या कायद्याला हरविलास सारडा यांचं नाव आहे. पण गैरसमजसुद्धा बघा कसा, कायदा नाटकातून आला असेल हे आपल्याला सहज पटतं! मग खाडिलकरांचं 'कीचकवध', 1907 चं. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे सरकारलाही तो दिसला!

ही नाटकं वाचताना मी साहित्य कमी आणि इतिहास जास्त वाचत होतो. सनावळीच्या पुस्तकात लोक काय करत होते ते कळतं. लोकांना कशाची भीती वाटत होती, कशाची लाज वाटत होती, ते नाटकात कळतं.

आता मूळ मुद्दा. एकदा अभ्यासक्रमातल्या लेखकांची यादी करून प्रत्येकापुढे गाव लिहिलं. (इंजिनिअरची खोड, दुसरं काय.) जुन्या मराठीत सगळे आमच्याच बाजूचे. अंबाजोगाईचे मुकुंदराज, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ. छाती फुगली. मग 1857 साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' येते, मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती. तिथून पुढे नाटककार, कादंबरीकार रांगेनं येतात, आणि माझ्या यादीतून मराठवाडा गायब. जवळजवळ शंभर वर्षं! सर्व्हरच्या लॉगमध्ये मधलेच काही तास कोरे असावेत तसं. अशा वेळी आम्ही 'काही घडलंच नाही' असं समजत नाही. नोंद कुठे झाली ते शोधतो.

उत्तर घरातच होतं. आमचे आजोबा 1948 साली चौदा वर्षांचे होते. प्राथमिक शाळा मराठीतून, पुढचं सगळं उर्दूतून. शेवटपर्यंत सही उर्दूत करायचे. आम्हा नातवंडांना ती गंमत वाटायची. तिकडे 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं, पुण्या-मुंबईत छापखाने, मासिकं, नाटक कंपन्या उभ्या राहिल्या. आम्ही निजामाच्या राज्यात. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं.

निजामाला शिव्या घालून हा लेख इथेच संपवता आला असता. पण तसं सरळ नाही. उस्मानियात विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत आणि त्यासाठी पुस्तकं भाषांतरित करणारं खास खातं होतं. देशी भाषेत इंजिनिअरिंग! मी माझं सगळं इंग्रजीतून केलं आणि मराठीच्या तासाला झोपलो, तेव्हा मी कुठल्या तोंडानं बोलू? शिवाय उर्दूही इथलीच. वली औरंगाबादी तीनशे वर्षांपूर्वीचा. अडचण उर्दूची नव्हतीच. घरात, शेतात ज्या भाषेत माणूस भांडतो-रडतो, तिला वरच्या वर्गात जागा नव्हती, ही अडचण होती.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान संपलं. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज, 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ. आणि मग कोऱ्या लॉगमध्ये नोंदी दिसायला लागतात.

एक नोंद नरहर कुरुंदकरांची (1932-1982). हा माणूस इंटरला नापास झालेला, आणि तेव्हाही एम.ए.च्या पोरांना शिकवायचा, असं नांदेडकडे अजून सांगतात. पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिलं, 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा हिशेब मांडला, 'श्रीमान योगी'ची गाजलेली प्रस्तावना लिहिली. आमच्या पॅटर्नमध्ये त्यांना कुठल्या बॅचमध्ये बसवलं असतं कोण जाणे!

दुसरी नोंद रा. रं. बोराडे यांची. गाव काटगाव, म्हणजे आमच्याच लातूर तालुक्यातलं. 1971 ची त्यांची 'पाचोळा' कादंबरी मी उघडली आणि पहिल्याच पानावर थांबलो. खेड्यातल्या शिंप्याच्या घराची गोष्ट, शिंप्याच्या बायकोच्या तोंडून. ही तर आमच्या आजीची भाषा! जी मी पुण्यात आल्यावर सहा महिन्यांत घासून-पुसून काढली. ऑफिसात घरचा फोन आला की उठून बाहेर जायचो, 'यायलोय', 'काय करायलीस' कुणी ऐकू नये म्हणून. आणि इथे तीच भाषा एम.ए.च्या पुस्तकात, परीक्षेला! बोराडे सर 2025 मध्ये गेले. हे पुस्तक तेव्हाही माझ्या हातात आलं नव्हतं, याची खंत आहे.

मागच्या रविवारी आजीला फोनवर त्यातली चार पानं वाचून दाखवली. आधी म्हणाली, 'असलं बी पुस्तकात लिवत्यात व्हय?' मग बराच वेळ गप्प. फोन कट झाला असं वाटून मी 'हॅलो हॅलो' करायला लागलो, तर म्हणाली, 'थांबलास का? फुडं वाच की.'

आजोबांना हे कुणी वाचून दाखवलं नाही. पुस्तक आलं तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. काटगाव काही लांब नव्हतं.

असो. पुढच्या महिन्यात पेपर आहे. ऑफिसात घरचा फोन हल्ली जागेवरच घेतो. आवाज अजूनही थोडा खाली जातोच. इतक्या वर्षांची सवय आहे.