नाव न सांगणाऱ्या जाहिराती



व्यापाऱ्याने आपला माल खपावा म्हणून पैसे मोजून लोकांना सांगितलेली गोष्ट म्हणजे जाहिरात, अशी तिची साधी व्याख्या करता येईल. या व्याख्येत माल आहे, पैसा आहे आणि सांगणारा आहे. आज मी ज्या जाहिरातींविषयी बोलणार आहे त्यांत विकायचा माल नाही आणि सांगणारा पडद्याआड आहे. त्या खऱ्या जाहिरातीचे सोंग घेतात, तिचाच पोशाख अंगावर चढवतात आणि भर चव्हाट्यावर तिची टर उडवतात. दुसऱ्या दिवशी जो तो विचारतो, ‘हे केले कोणी?’ या प्रश्नाचाच थोडासा इतिहास आपल्यापुढे मांडावा असा माझा विचार आहे. कारण हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाही.

आरंभ आपल्या मुंबईपासूनच करू. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि मजकूर छापण्यापूर्वी सरकारकडून तपासून घेण्याचा हुकूम निघाला. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच दिवशी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निधनाच्या छोट्या जाहिरातींमध्ये एक जाहिरात छापून आली. कोणी डी. ई. एम. डी’ओक्रसी नावाचे गृहस्थ २६ जून रोजी वारले होते. आद्याक्षरे आणि आडनाव जोडून वाचले की इंग्रजीतील ‘डेमॉक्रसी’ म्हणजे लोकशाही हा शब्द तयार होई. मागे राहिलेल्या पत्नीचे नाव टी. रूथ, म्हणजे ‘ट्रूथ’, सत्य. मुलाचे नाव एल. आय. बर्टी, म्हणजे ‘लिबर्टी’, स्वातंत्र्य. भावंडांची नावे फेथ, होप आणि जस्टिसिया, म्हणजे श्रद्धा, आशा आणि न्याय.

जाहिरात चार ओळींची. तिच्यात सरकारविरुद्ध एक अक्षर नव्हते. बातम्यांवर पहारा बसला होता. परंतु कोणाच्या घरच्या सुतकावरही पहारा बसवावा लागेल, हे अजून कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ती जाहिरात देणारे अशोक महादेवन हे तेव्हा ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये काम करणारे पत्रकार होते, ही गोष्ट पुढे उघड झाली. पण त्या दिवसांत ते नाव बाहेर आले असते तर काय झाले असते? ‘मिसा’ कायद्याखाली माणसाला खटल्यावाचून तुरुंगात ठेवता येत होते. संप आणि सभा यांवर टाच आली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला आणि त्याविरुद्ध मोकळेपणाने बोलायचीही सोय नव्हती. अशा काळात एका सामान्य नोकरदाराने वर्तमानपत्राच्या जाहिरात-खिडकीवर जाऊन लोकशाहीचे सुतक जाहीर केले.

कोणी म्हणेल, खरे धैर्य असते तर सही केली असती. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून उघडपणे निषेध केला आणि पुढे तुरुंगवासही पत्करला, हा दाखला त्यासाठी दिला जाईल. दुर्गाबाईंच्या धैर्यापुढे मान लवलीच पाहिजे. परंतु त्यांच्यामागे आयुष्यभराची विद्वत्ता होती आणि समोर साऱ्या महाराष्ट्राचे कान होते. ज्याच्यामागे महिन्याचा पगार आणि घरातली चार तोंडे यांपलीकडे काही नाही, त्याला निनावीपणा ही एकच ढाल असते. ती हिरावून घेऊन त्याला भेकड म्हणणे न्यायाचे नाही.

चळवळीत मी अशा पुष्कळ ढाली पाहिल्या आहेत. एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातील एका कारखान्यात पिण्याच्या पाण्याचा नळ उन्हाळाभर बंद होता. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. एके सकाळी सूचना-फलकावर कंपनीच्याच भाषेत आणि कंपनीच्याच कागदावर एक सूचना लागलेली दिसली: ‘ज्या कामगारांस तहान लागण्याचा संभव असेल त्यांनी तसे सात दिवस अगोदर लेखी कळवावे.’ जेवणाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या खात्यांत हशा पिकला. व्यवस्थापनाने काय करावे? त्यांनी ऑफिसातले टाइपरायटर तपासले, तीन कारकुनांची उलटतपासणी घेतली आणि शेवटी मला बोलावून विचारले, ‘हे कोणाचे काम?’ मी म्हणालो, ‘साहेब, सूचनेत खोटे काय आहे ते दाखवा, मग नावाचे पाहू.’ नळ पुढच्या महिन्यात सुरू झाला. लिहिणाऱ्याचे नाव आजवर बाहेर आलेले नाही. नाव शोधत बसले म्हणजे नळाकडे पाहावे लागत नाही, एवढे मात्र मी त्या दिवशी शिकलो.

आता जरा दूर, ऑस्ट्रेलियात जाऊ. १९७९ साली सिडनी शहरातील सिगारेटच्या मोठमोठ्या फलकांवर रात्रीतून रंगाचे फवारे उडू लागले. मूळ अक्षरे थोडी खोडायची, थोडी वाढवायची आणि अर्थ उलटा करून टाकायचा, अशी ही रीत होती. ‘मार्लबरो’ या नावातली अक्षरे बदलून ‘इट्स अ बोअर’, म्हणजे ‘हा तर कंटाळा आहे’, असे वाचायला मिळाले. खाली सही असे ‘बुगा-अप’. हे एका लांबलचक नावाचे आद्याक्षरी रूप होते आणि उच्चारले की इंग्रजीतल्या बोलीभाषेत ‘विचका करा’ असा अर्थ निघे. सही होती, पण माणूस नव्हता. ही उनाड पोरे असावीत असे वाटणाऱ्यांना पुढे धक्का बसला. कारण पकडले गेले त्यांत डॉक्टरही निघाले. आर्थर चेस्टरफील्ड-एव्हान्स हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्यांतले एक. तंबाखूने पोखरलेली माणसे ज्याला दिवसा तपासावी लागत, त्याने हाती रंगाचा डबा घेतला होता. ही मंडळी न्यायालयात उभी राहिली आणि तिथे तंबाखूविषयीच बोलली. १९८७ साली व्हिक्टोरिया राज्याने रस्त्यावरील सिगारेटच्या जाहिरातींना बंदी घातली आणि तंबाखूवरील कराच्या पैशातून आरोग्याचे काम करणारी संस्था उभारली. १९९२ साली सबंध देशासाठी कायदा झाला. याचे सारे श्रेय रंगाच्या डब्याला देणे चुकीचे होईल. डॉक्टरांच्या संघटना, संशोधक आणि कायदेमंडळातील माणसे यांनी वर्षानुवर्षे खपून ते साधले. पण रस्त्यावरच्या माणसाला फलकाकडे संशयाने पाहायला शिकवले ते या निशाचरांनी.

पॅरिसची गोष्ट कामगाराला विशेष विचारात पाडणारी आहे. २०१५ च्या नोव्हेंबरअखेर, हवामान परिषदेच्या तोंडावर, शहरातील बसथांब्यांच्या काचेच्या चौकटींत सुमारे ६०० बनावट जाहिराती लागल्या. १९ देशांतील ८२ चित्रकारांनी त्या काढल्या होत्या. फोक्सवॅगन कंपनीची धूर मोजण्यातील लबाडी नुकतीच उघडकीस आली होती. तिच्या नावाने लागलेल्या एका जाहिरातीत ‘आम्ही पकडले गेलो याचे आम्हाला वाईट वाटते’ अशा अर्थाची कबुली होती. अतिरेकी हल्ल्यांमुळे शहरात त्या वेळी आणीबाणी लागू होती, पोलीस जागोजागी होते. मग ६०० चौकटी उघडल्या कशा? जाहिराती बदलणाऱ्या कामगारासारखे चकाकते जाकीट अंगात घालायचे आणि हातात किल्ली घ्यायची, ही ‘ब्रँडलिझम’ नावाच्या या गटाची युक्ती. श्रोतेहो, या युक्तीचा अर्थ ध्यानात घ्या. कामगाराच्या वेषातील माणसाच्या तोंडाकडे शहर पाहतच नाही. ज्या अदृश्यपणाचे आम्ही आयुष्यभर दुःख केले, त्याचाच या लोकांनी मुखवटा केला.

इथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल की निनावी तेवढे चांगले, असे माझे म्हणणे आहे. तसे ते नाही. २००६ साली अमेरिकेत एक विनोदी चित्रफीत फिरू लागली. माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या हवामानबदलावरील चित्रपटाची तिच्यात टिंगल होती. गोर पेंग्विनांना व्याख्यान देऊन झोपवीत आहेत, असे दाखवले होते. यूट्यूबवर ती टाकणाऱ्याने आपण २९ वर्षांचे एक साधे गृहस्थ आहोत असे भासवले होते. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याच्या ई-मेलचा माग काढला, तेव्हा तो वॉशिंग्टनमधील डीसीआय ग्रुप या प्रचार करणाऱ्या कंपनीच्या संगणकापर्यंत पोहोचला. तिच्या गिऱ्हाइकांत एक्झॉन-मोबिल ही तेलकंपनी होती. तेलकंपनीने आपला संबंध नाकारला. गुगलवर गोर यांचे नाव शोधले की या चित्रफितीकडे नेणाऱ्या पैसे भरलेल्या जाहिराती दिसत. पत्रकाराने चौकशी करताच त्या नाहीशा झाल्या.

इथेही मुखवटा आहे आणि थट्टाही आहे. मग फरक कुठे पडला? मुंबईच्या त्या निधनवार्तेमागचे नाव फुटले असते तर एक माणूस तुरुंगात गेला असता. वॉशिंग्टनचे नाव फुटले तेव्हा कोणाची भाकर गेली नाही. फक्त थट्टेतली गंमत गेली. दुबळ्याचा मुखवटा बोलणाऱ्याला वाचवतो. बलवानाचा मुखवटा पैसे देणाऱ्याला झाकतो. म्हणून ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा: नाव कळले तर त्याचे काय जाईल?

शेवटची गोष्ट भोपाळची. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, हजारो माणसे मेली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ साली डाऊ कंपनीने कार्बाइड विकत घेतली, परंतु त्या दुर्घटनेची जबाबदारी आपली नाही अशी तिची भूमिका राहिली. ३ डिसेंबर २००४ रोजी, विसाव्या स्मृतिदिनी, बीबीसीवर डाऊचे प्रवक्ते म्हणून एक गृहस्थ आले आणि कंपनी सारी जबाबदारी स्वीकारून १२०० कोटी डॉलर देणार आहे, असे त्यांनी जाहीर केले. ते ‘यस मेन’ नावाच्या जोडीपैकी एक होते. डाऊच्या नावाचे नकली संकेतस्थळ त्यांनी बनवले होते आणि बीबीसी त्याच दाराने त्यांच्याकडे आली होती. फ्रँकफर्टच्या बाजारात डाऊचा शेअर २३ मिनिटांत ४.२ टक्के उतरला, म्हणजे सुमारे २०० कोटी डॉलरचे मोल घसरले. नंतर डाऊला सांगावे लागले की ही घोषणा आमची नव्हे. न्यायाची नुसती अफवा उठली तरी बाजाराला कसा ताप चढतो, हे त्या २३ मिनिटांत जगाला दिसले.

पण त्याच वेळी भोपाळमध्ये काही घरांत आनंदाचे अश्रू वाहिले आणि मग ते खोटे ठरले. हा हिशोब मला विसरता येत नाही. त्या जोडीने पुढे आपले कृत्य लपवले नाही. ते भोपाळला गेले आणि पीडितांसमोर उभे राहिले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही, ज्यांच्या दुःखाच्या नावाने थट्टा करायची त्यांना आधी विचारावे, हा धडा त्यातून घ्यावा लागतो. मालकाची टोपी उडवताना वेदना मजुराला होऊ नये. वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. त्या दिवशी जे घडले ते मात्र कोणाचे सोंग नव्हते.

श्रोतेहो, उद्या आपल्या गावातही एखाद्या भिंतीवर अशी जाहिरात लागेल. ती हसवील, चिडवील, आणि चहाच्या दुकानात नावांचे तर्क सुरू होतील. ते जरूर करा, त्यात गंमत आहे. पण त्याआधी ती पुरी वाचा आणि तिने ज्या नळाकडे बोट दाखवले आहे तिथे जाऊन पाहा. नळ कोरडा असेल, तर नाव शोधण्याची घाई करू नका. नळाला पाणी येत असेल, तर मात्र हा मुखवटा कोणाच्या पैशाने शिवला गेला, ते अवश्य शोधा.