अंदमानच्या आधीचं काळं पाणी

सिंगापुरात तंबू ठोकायला जागा तरी आहे का, असं भारतातले मित्र विचारतात. आहे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा माणसं जमली की लाकडी बोट सुटते आणि थोड्याच वेळात पुलाउ उबिनला सोडते. दहा चौरस किलोमीटरचं बेट; पत्र्याची घरं, नारळ, रानडुकरं. गेल्या जूनमध्ये मुलाला सुट्टी लागली तेव्हा आम्ही तिघं तिथल्या जेलुतोंग किनाऱ्यावर मुक्कामाला गेलो. मी पोराला निसर्ग दाखवायला नेतोय असं बायकोला वाटत होतं. खरं कारण होतं तिथल्या दगडाच्या खाणी.

आमच्या वंशावळीत एक माणूस गाळलेला आहे. अकोले तालुक्यातलं आमचं गाव. मी पीएचडीसाठी इकडे यायला निघालो तेव्हा आत्या हळूच म्हणाली, "शिंगापूरला आपला एक पुरुष गेलाय आधी. परत नाही आला." हे माझ्या खापरपणजोबांचे वडील. बाबांनी विषय तिथंच तोडला. तिथी माहीत नाही, म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला, तेही नाव न घेता.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण तिथली वसाहत 1858 सालची. त्याआधी कंपनी सरकार जन्मठेपेचे कैदी पिनांग, मलाक्का, सिंगापूरला धाडायचं. सिंगापूरला पहिली तुकडी आली एप्रिल 1825 मध्ये, सुमात्रातल्या बेंकूलेनहून. मग कलकत्ता, मद्रास, मुंबई या तिन्ही इलाख्यांतून माणसं येत राहिली. त्या जहाजांना 'जीता जनाजा' म्हणत.

सिंगापूरच्या या तुरुंगावर तिथला अधिकारी मॅकनेअर यानं 1899 मध्ये पुस्तक लिहिलं. 'कैदीच आपले पहारेकरी' असा त्याच्या नावाचा अर्थ, आणि व्यवस्थाही तशीच होती: चांगलं वागणारा कैदी वरच्या वर्गात चढे, मुकादम होई, शेवटी परवाना मिळवून गावात राही. विटा, सुतारकाम, दगडकाम शिकवलं जाई. सेंट अँड्र्यूज चर्च त्यांनीच बांधलं. आतल्या गिलाव्यात चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि गूळसाखर, आणि कालवायला नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी. मी काँक्रीटवर संशोधन करतो. हा गिलावा दीडशे वर्षांवर टिकलाय. आमच्या प्रयोगशाळेतले नमुने पाच वर्षांचेही नाहीत. असो.

1855 च्या रॅफल्स दीपगृहाचा ग्रॅनाइट या उबिनवरून गेला. कैद्यांनीही इथं दगड काढला. आता खाणींत पाणी भरलंय. शेवटची 1999 मध्ये बंद झाली. कठड्याशी उभं राहून मी पोराला सांगितलं, "तुझ्या आज्याच्या पणज्याचे वडील कदाचित इथं राबले असतील." 'कदाचित' हा शब्द महत्त्वाचा. मुंबईच्या पुराभिलेखागारात मी सुट्टीतले चार दिवस घालवले होते. 'अमुक बिन तमुक' अशी नावं डोळे दुखेपर्यंत वाचली. आमच्या माणसाचं नावच घरात कुणाला ठाऊक नाही, तर शोधायचं काय?

गुन्हा काय होता? आत्या म्हणते बंड, चुलते म्हणतात दरोडा. राघोजी भांगरे 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, तो आमच्याच डोंगरांतला काळ. तेव्हा सरकारच्या लेखी बंड आणि दरोडा यांत फार अंतर नव्हतं. बंड असावं असं मला वाटतं, पण मला तसं वाटणारच.

दुसरी गोष्ट जास्त छळते. 1873 मध्ये इथला कारभार गुंडाळला, तेव्हा शिक्षा बाकी असलेले अंदमानला गेले. परवाना मिळालेले बरेचजण इथंच राहिले. काहींनी इथं संसार थाटले. बोटीत आमच्याशेजारी बसलेला सावळा मलय म्हातारा मी जरा जास्तच निरखून पाहिला, तेव्हा बायकोनं कोपरानं ढोसलं.

रात्री डास आणि वाऱ्यामुळे झोप नव्हती. तंबूबाहेर येऊन बाबांना फोन लावला आणि कुठं आलोय ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या खाणीचा फोटो काढलास का? पाठव. पितृपक्षाच्या आधी पाठव."