ढगांच्या पाण्यांतील धुराचा रंग

मेघ म्हणजे धूर, प्रकाश, पाणी व वारा यांचा मेळ, ही कल्पना कालिदासाच्या मेघदूतामुळें रसिकांच्या चांगल्या परिचयाची आहे. कवीला त्या वर्णनांतून मेघाचें जडत्व तेवढें सुचवावयाचें होतें. परंतु धूर, प्रकाश आणि पाणी हीं तिन्ही एके ठिकाणीं आलीं म्हणजे त्यांच्यांत काय घडतें, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें उभा राहण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग एकविसाव्या शतकांतच हातीं आला.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडांतील मँचेस्टर येथें होतो. कापडाच्या गिरण्यांचें हें शहर त्याकाळीं दगडी कोळशाच्या धुरानें काळवंडून गेलेलें होतें. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानें तेथील पावसाच्या पाण्याचें पृथक्करण करून १८५२ सालीं असें दाखविलें कीं, दूरच्या शेतांवर पडणारा पाऊस व भर शहरांत पडणारा पाऊस हे गुणानें वेगळे आहेत. शहरांतील पावसांत मोकळें गंधकाम्ल होतें. छापील कापडाचे रंग विटतात व धातूंना गंज चढतो, त्याचें कारण त्यानें या आम्लांत शोधलें. पुढें १८७२ सालीं त्यानें हवा व पाऊस यांच्या रसायनावर एक मोठा ग्रंथ लिहिला.

स्कॉटलंडमधील जॉन एटकेन यानें १८८० च्या सुमारास याच्या पुढचें पाऊल टाकलें. त्यानें दोन कांचपात्रें घेतलीं. एकांत साधी हवा भरली, दुसऱ्यांत कापसांतून गाळलेली. दोहोंत पाण्याची वाफ सोडतांच साध्या हवेच्या पात्रांत दाट धुकें जमलें. गाळलेल्या हवेचें पात्र मात्र स्वच्छ राहिलें. म्हणजे धूळ किंवा धूर यांचा कण आधाराला असल्याखेरीज ढगाचा थेंब सहसा जन्मालाच येत नाहीं. धूर हा ढगांत मागाहून शिरलेला पाहुणा नव्हे, तो त्याच्या घडणींतलाच आहे.

तथापि या दोघांच्याहि दृष्टीनें ढग हें एक भांडें होतें. त्यांत मळ गोळा होतो व पावसाबरोबर खालीं येतो, एवढाच त्याचा व्यापार समजला जाई. आकाश मोठें आहे व पाऊस तें धुऊन काढतो, या विश्वासावर धुराडीं धडधडत राहिलीं. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर पांच दिवस धूरमिश्रित धुकें साचून राहिलें व हजारों माणसें दगावलीं, तेव्हां त्या विश्वासाला मोठा धक्का बसला. १९५६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें स्वच्छ हवेचा कायदा केला.

ढग हें नुसतें भांडें नसून रासायनिक कारखाना आहे, हें ज्ञान मात्र निराळ्याच वाटेनें आलें. १८९४ सालीं केंब्रिजच्या हेन्री फेंटन यानें टार्टारिक आम्लावर, म्हणजे चिंचेंतहि सांपडणाऱ्या आम्लावर, हायड्रोजन पेरॉक्साइड व किंचित लोहक्षार यांचा प्रयोग केला. एकटें पेरॉक्साइड जें करूं शकत नव्हतें, तें लोहाच्या संगतीनें झपाट्यानें झालें. या क्रियेंत हायड्रॉक्सिल नांवाचें अत्यंत चपळ मूलक उत्पन्न होतें, असें हेबर व वाइस यांनीं १९३४ सालीं मांडलें. १९७१ सालीं हायरम लेव्ही यानें दाखविलें कीं, जमिनीलगतच्या हवेंतहि सूर्यप्रकाशामुळें हेंच मूलक दिवसभर निर्माण होत असलें पाहिजे. अखेर १९८२ सालीं कॅमाइडिस व डेव्हिस या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं हे धागे ढगाच्या थेंबांत आणून गुंफले. थेंबांत पेरॉक्साइड असतें, धुळींतून आलेलें लोह असतें, आणि ऊनहि असतें. मग फेंटनच्या परीक्षानळींतील किमया आकाशांत कां घडूं नये?

ती घडते, हें धुराच्या रंगावरून फार चांगलें कळतें. काजळी सर्वच रंगांचा प्रकाश गिळते, म्हणून ती काळी दिसते. लांकूड, गोंवऱ्या, पालापाचोळा धुमसत जळतांना मात्र दुसरीं कित्येक सेंद्रिय द्रव्यें बाहेर पडतात. तीं मुख्यतः जांभळा व निळा प्रकाश शोषतात, म्हणून चहाच्या पाण्याप्रमाणें पिंवळट-तपकिरी दिसतात. २००६ सालीं आन्द्रेए व गेलेंचेर यांच्या लेखानें ‘तपकिरी कर्ब’ हें त्यांचें नांव शास्त्रांत रूढ केलें. हीं द्रव्यें उष्णता धरून हवा तापवितात, म्हणून तीं किती काळ टिकतात या प्रश्नाला महत्त्व आहे.

त्यांपैकीं नायट्रोफिनॉल या वर्गाचा अभ्यास विशेष झाला आहे. हीं संयुगें युरोपांत पावसाच्या व ढगांच्या पाण्यांत पूर्वींच सांपडलीं होतीं. टोरोंटो येथील संशोधकांनीं २०१५ सालीं तीं पाण्यांत विरघळवून त्यांवर हायड्रॉक्सिल मूलकाचा मारा केला, तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसली. रंग प्रथम फिका न होतां अधिकच गडद झाला, आणि मग हळूहळू उडाला. कारण असें कीं, मूलक प्रथम रेणूच्या षट्कोनी कड्याला चिकटतें, व त्यापासून बनणारें नवें द्रव्य अधिक प्रकाश शोषतें. पुढचे आघात बसले म्हणजे कडें फुटतें, त्याचीं लहान लहान आम्लें होतात, आणि रंग जातो. कोरें कापड ओलें करून उन्हांत पसरलें असतां तें उजळतें, हें परिटाला ठाऊकच असतें. त्याच जातीची क्रिया येथें केसाहून बारीक थेंबांत चालते.

या क्रियेला वेळ लागतो. २०१३ सालीं कॅलिफोर्नियांत लागलेल्या एका प्रचंड वणव्याच्या धुराचा विमानांतून पाठलाग करण्यांत आला. तपकिरी रंग निम्मा होण्यास नऊ ते पंधरा तास लागतात, आणि थोडा भाग दोन दिवसांनंतरहि शिल्लक राहतो, असें त्या मापनांवरून दिसलें. रात्रीं ऊन नसल्यानें हें काम मंदावतें. शिवाय ढग जसा रंग उडवितो तसा तो नवा रंगहि घडवितो. पुष्कळ ढग न बरसतांच विरून जातात. थेंब आटतांना त्यांतील ग्लायॉक्सलसारखीं बिनरंगी द्रव्यें अमोनियाच्या क्षारांशीं संयोग पावतात व मागें तपकिरी कण उरतो.

हा विषय भारताला परका नाहीं. १९९९ च्या आरंभीं हिंदी महासागरावर अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनीं मिळून केलेल्या पाहणींत दक्षिण आशियापासून समुद्रावर दूरवर पसरलेला तपकिरी धूसरपणा आढळला. तो बहुतांशीं मानवी व्यवहारांतून उठलेला होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१२ सालीं महाबळेश्वर येथें ढगांच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा उघडली. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत ढग आपण होऊन दारांत उतरतो, हें त्या जागेचें मोठें भाग्य.

मँचेस्टरच्या पावसापासून सह्याद्रीच्या ढगापर्यंतच्या या वाटचालीचें तात्पर्य एवढेंच कीं, आकाशाला स्वतःला धुऊन घेण्याची शक्ति आहे, पण ती उन्हाच्या तासांनीं मोजलेली आहे. चुलींतून व वणव्यांतून निघणारा धूर त्या तासांच्या हिशेबांत बसेल तेवढाच ढग धुऊन काढील. त्यावरचा हिशेब ज्यानें धूर केला त्याच्याच नांवें राहतो.