दार आणि दरवाजा

आपल्या यवतमाळात भांडण झालं, की माणूस ‘माझ्या दारात पाय ठेवू नको’ म्हणतो. ‘माझ्या दरवाजात’ असं कुणी म्हणत नाही. का?

शब्द तसे भाऊबंदच. ‘दार’ हे संस्कृत ‘द्वार’चं प्राकृतातून आलेलं रूप, ‘दरवाजा’ फारसी. पण फारसीतला ‘दर’ आणि आपलं ‘द्वार’ यांचं मूळ एकच आहे. इंग्रजांचा ‘डोअर’सुद्धा त्याच कुळातला. म्हणजे एक घरी राहिला, दुसरा इराणात वाढून आपल्याकडे आला.

अर्थ मात्र वेगळे झाले. दार म्हणजे नुसती फळी नाही. दारातली तुळस, दारी आलेला पाहुणा, घरदार : यात अंगण येतं, घराची अब्रू येते. म्हणून तर वसुलीवाला दारात उभा राहिला, की कास्तकाराच्या जिवाला लागतं. दरवाजा म्हणजे बांधकाम, पहारा, सत्ता. दरवान आणि दरबारही त्याच ‘दर’मधले. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा बघा, त्यावरचा शिलालेख १४८७च्या सुमाराचा, बहमनी अमलातला. पुढे १८५३पर्यंत वऱ्हाड निजामाकडेच होतं, तेव्हा फारसी शब्द मुरायला वेळ भरपूर मिळाला.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी रायगडावर आपण महादरवाजाच म्हणतो. आणि पंढरपूरला? तिथे महाद्वार. शब्दशः दोन्हींचा अर्थ एकच, मोठं दार. पण किल्ल्याला एक, देवाला दुसरा.

या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. समोर, म्हणजे बाहेर. इथे जरा थांबू या. गावाच्या प्रवेशाला तिसराच शब्द होता, वेस. तिची राखण वेसकर महाराकडे : रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची. सगळ्या गावाचं दार ज्याच्या भरवशावर, त्याला देवाचं द्वार बंद! चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी, मे १९४७मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे पंढरपूरचे बडवे राजी झाले.

फाटक राहिलंच की. ते आपल्याकडे शकुंतला गाडीमुळे सगळ्यांच्या तोंडी. ते ना दार, ना दरवाजा. त्यातून कुणी कुणाच्या घरी जात नाही, फक्त गाडी जाईपर्यंत थांबतो. त्याच्याबद्दल पुढच्या व्याख्यानात.